रॉकेलने धुतलेला अंगठा

घोटीहून सातपूरला आलो तेव्हा माझ्याकडे दोन हातांशिवाय काही नव्हतं. त्यांच्याच जोरावर मी स्वतःच्या वर्कशॉपची शेड उभी केली. नव्वदच्या दशकात एका दुपारी पत्रा कापायच्या पॉवर प्रेसमध्ये उजव्या हाताचा अंगठा पेरापासून तुटला.

मी फडकं गुंडाळून रिक्षात बसलो. मेहुणा माझ्याकडेच कामाला होता. तुटलेला तुकडा घेऊन तो मागून मोटरसायकलवर आला. दवाखान्यात त्याने प्लास्टिकची पिशवी पुढे केली. डॉक्टरांनी ती उघडली आणि वासाने तोंड मागे घेतलं.

"हे काय?"

"रॉकेल, साहेब. लय घाण लागली होती. ऑइल, लोखंडाचा चुरा. चांगला धुऊन आणलाय."

आमच्याकडे मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, रॉकेलने धुऊनच पुढे जातो. याने माझा अंगठाही तसाच धुतला.

डॉक्टर म्हणाले, "ओल्या, स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घालायचा आणि पिशवी बर्फावर ठेवायची. रॉकेलने आतल्या रक्तवाहिन्या खराब होतात. जोडून बघतो, पण खात्री नाही."

"खात्री नाही म्हणून कसं चालेल?" मी ओरडलो. "नख गेलं तर जाऊ द्या. वाकला नाही तरी चालेल. जिवंत तेवढा ठेवा. याच्या खाली मी येणार नाही."

"घासाघीस माझ्याशी नका करू," ते म्हणाले. "रक्ताशी करा."

मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने त्यांनी तो जोडला. पहिल्या दिवशी गुलाबी होता. मी त्याच्यावरची नजर हटवली नाही. मग जांभळा पडला, मग काळा. शेवटी काढून टाकला.

भेटायला येणारे मात्र मेहुण्याची पाठ थोपटायचे. "पोरानं काय डोकं चालवलं! दुसरा असता तर तुकडा तिथंच टाकून पळाला असता." तोही मान खाली घालून ऐकायचा, नाही म्हणायचा नाही. एकदा शेडमध्ये माझ्या तोंडावर म्हणाला, "दाजी, धुतला म्हणून तर डॉक्टरनं हात तरी लावला."

मी चहाचा कप त्याच्या अंगावर फेकला आणि त्याला हाकलून दिलं. बायको म्हणाली, "त्याला काय ठाऊक होतं?" मला तरी कुठे ठाऊक होतं? पण अंगठा माझा गेला.

शर्टाची बटणं अजून तीच लावते. सगळ्यात वरचं लावताना तिचा चेहरा अगदी समोर येतो. ती भावाचं नाव काढायच्या आत मी मान फिरवतो.