गोगलगायीचा वेग

माझा धाकटा भाऊ पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच ती प्रेस खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाही. बाकीचे कामगार एका बटणात पाचर ठोकून एका हाताने भराभर काम उरकत. हा नाही. डोकं ताळ्यावर ठेवायच्या गोळ्यांनी जरा सुस्त, पण खाडा कधी नाही. सगळे त्याला गोगलगाय म्हणत.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत. खर्च कमी करायचा म्हणून सरकारने तिथला मनोरुग्णांचा विभाग बंद केला. बाहेरच्या परवडेनात. भाऊ म्हणाला, मी बराच झालोय, ताई.

आणि गडी सुसाट सुटला. झोप नाही, बटणात पाचर, दोघांचं काम एकटा करतोय. सुपरवायझरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. गोगलगायीला पंख फुटले म्हणाला. घरी याने ताटं भिंतीवर फोडली, आवरायला आलेल्या बायकोचा हात पिरगाळून मोडला. ती प्लास्टरमधला हात घेऊन सुपरवायझरकडे गेली.

"त्यांना प्रेसवरून उतरवा. हात जाईल त्यांचा."

"वहिनी, आत्ता कुठे माणूस कामाला लागलाय."

मग एकदा पत्रा अडकला. भाऊ आत हात घालणार तोच सुपरवायझरने धावत येऊन वीज तोडली. हात वाचला. भावाला मात्र वाटलं, हा आपल्या जिवावर उठलाय. त्याने पान्याने सुपरवायझरचा जबडा फोडला. दात फरशीवर सांडले. मग प्रेसवरच घाव घालत सुटला, धरायला आलेल्या एका कामगाराचा कान चावून तोडला. मी पोचले तेव्हा चौघे त्याच्या अंगावर बसले होते आणि तो रक्त थुंकत, माझं काम थांबवू नका, म्हणून किंचाळत होता.

प्रेस मोडली, कारखाना ठप्प, दोघं इस्पितळात, तिसरा, माझा भाऊ, वेड्यांच्या वॉर्डात. गोळ्यांचे पैसे वाचवणाऱ्यांनी ही बचत कुठल्या खात्यात धरली, देव जाणे.

वॉर्डात गोळ्या चालू होऊन भाऊ ताळ्यावर आला, तरी मालक त्याला परत घेईना. शेवटी मालकाने ते सुपरवायझरवर सोडलं. तारांनी बांधलेल्या जबड्यातून तो कसाबसा म्हणाला,

"घ्या त्याला. त्याची बायको सांगत होती, मीच ऐकलं नाही."

गोळ्या आता मालक आणतो. दवाखान्याच्या त्या विभागाला अजून कुलूप आहे. तिथल्या बाकीच्या रुग्णांना असा मालक कुठून मिळणार? सुपरवायझरने सगळ्या पाचरी उपटून टाकल्या. पाळी सुरू होताना तो वाकड्या तोंडाने भावाला आधी गोळी विचारतो. घेतली म्हटल्यावर सांगतो, "मग हळू चालव."