पाटावरचं मॅगझीन

सिलेकाका कुठलीही नवी वस्तू आधी कानाशी धरून बघत. कुलूप असो, अडकित्ता असो, नाहीतर गजराचं घड्याळ. सुनेनं नवा प्रेशर कुकर आणला तेव्हा त्याचं झाकण त्यांनी पंधरा वेळा लावलं, काढलं आणि दर वेळी मान तिरकी करून ऐकलं. शेवटी ती बिचारी म्हणाली, "मामंजी, आज वरणभात मिळणार आहे ना?" काका म्हणाले, "मिळेल, सूनबाई. याचा भरोसा तर होऊ दे."

त्यांचं खरं नाव आमच्यापैकी कुणीच घेत नसे. त्यांचे वडील धार संस्थानच्या सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात कारागीर होते आणि काकांचा हातही तिथेच बसला. संस्थान गेलं, सिलेखाना गेला, नाव तेवढं चिकटून राहिलं. मुलाला देवासच्या कारखान्यात नोकरी लागली तसे तेही देवासला आले, आमच्याच कॉलनीत. माझे वडील त्याच कारखान्यासाठी नाशिकहून आलेले. सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी कॉलेजात होते आणि रायफल क्लबात आम्ही मुली दोनच होतो. क्लबच्या रायफली सांभाळायचं काम काकांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

पण त्यांचा जीव रायफलीत नव्हता, मॅगझीनमध्ये होता. पाच गोळ्यांची ती पत्र्याची चिमुकली पेटी रायफलीला खालून बसवायची, मग बोल्ट मागेपुढे केला की एकेक गोळी वर येते. "रायफल कितीही बढिया असू दे, बेटा," ते म्हणत, "गोळी वर नाही आली तर हातात नुसता दांडका." इंदूरचा दुकानदार दहा नवी मॅगझिनं घेऊन आला की काका ती पंच्यावर मांडून बसत. वरच्या दोन कडांना ते ओठ म्हणत. आधी त्या ओठांवरून अंगठा फिरवायचा. मग स्प्रिंग दाबून सोडायची. मग पाच खोट्या गोळ्या भरून त्या रायफलीतून काढायच्या, त्याही एकदा नाही, पन्नास वेळा. एवढं होऊन चार दिवस मॅगझीन भरूनच ठेवायचं, स्प्रिंग दमते का बघायला. दुकानदार कावून म्हणे, "काकासाहब, दसों एक ही मशीन से निकले हैं!"

"हाव भिया," काका माळव्याच्या बोलीत हो म्हणत, "पण एका आईची दहा पोरं कुठे सारखी निघतात?"

दहातली तीन पसंत पडत. एकदा जरी अडकलं तरी ते मॅगझीन बाद, मग कितीही चकचकीत असो. त्या तिन्हींवर ते खिळ्यानं आकडा कोरत आणि कपाटात ठेवत.

त्या वर्षी दसऱ्यानंतर लगेच धारला स्पर्धा होती. पहिल्या तिघांना राज्याच्या संघात जागा मिळणार होती आणि मला ती जागा इतकी हवी होती की जेवणावरची वासना उडाली होती. काकांचाही जीव त्यात अडकला होता. बऱ्याच वर्षांनी ते आपल्या गावी चालले होते आणि चुलतभाऊ, जुने शेजारीपाजारी असे सगळे बघायला येणार होते. त्यांनी माझ्यासाठी दोन नंबरचं मॅगझीन काढून दिलं होतं.

खंडेनवमीला क्लबच्या खोलीत शस्त्रपूजा झाली. पाटावर रायफल, झेंडूची फुलं आणि शेजारी एकच मॅगझीन. काकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि कितीतरी वेळ हात जोडून उभे राहिले. मी मनाशी म्हटलं, अच्छा, म्हणजे काकांचं सगळ्यात लाडकं हे! निघायच्या दिवशी दोन नंबर कपाटात ठेवलं आणि पाटावरचं उचलून, पुसून, नमस्कार करून पिशवीत टाकलं. कुणाला विचारलं नाही.

धारला वेळेची फेरी सुरू झाली, ठरल्या वेळात पाच गोळ्या झाडायची. दोन गोळ्या झकास गेल्या. तिसरी वर येता येता आडवी अडकली. मी बोल्ट ओढतेय, ढकलतेय आणि वेळ संपला. मी चौथी आले.

पंच आले, त्यांच्यामागून काका आले. त्यांनी मॅगझीन हातात घेतलं, ओठांवरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ये मैंने चुना था, साहब. गलती मेरी है, लड़की की नहीं।" पुढच्या खुर्च्यांवरून कुणीतरी हसलं, "सिलेखान्याचा मुलगा ना हा?" मी खाली मान घालून गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

परतीच्या बसमध्ये इंदूर येईपर्यंत मला धीर झाला नाही. मग रडत रडत सगळं सांगून टाकलं. काकांनी अंगठा पुढे केला. रेषांमध्ये हळद होती.

"तेव्हाच कळलं, बेटा."

"मग बोलला का नाहीत? सगळ्या गावासमोर..."

"बोललो असतो तर तू परत रायफल धरली असतीस? माझं काय, मला कुठे आता नेम धरायचाय." मग म्हणाले, "कामाच्या मॅगझीनला हळदकुंकू लावलं तर कण आत जातो. म्हणून जे बाद ठरलं, त्याला पाटावर बसवायचं. काम नाही तर नाही, मान तरी मिळावा. बाबांची रीत आहे ही. तुला सांगायचं राहिलं, ती चूक माझीच की."

पुढच्या वर्षी दोन नंबरच्या मॅगझीननं मला राज्याच्या संघात नेलं. काकांनी कॉलनीभर पेढे वाटले आणि क्लबात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी पाटाची रीत सांगायला सुरुवात केली, त्याला ऐकायची असो वा नसो.

पुढे मी लग्न करून देवासातच राहिले आणि क्लबचं काम बघू लागले. तोवर काकांचे हात थरथरायला लागले होते. तरी दहा नवी मॅगझिनं आली की मी ती त्यांच्या खाटेवर नेऊन मांडत असे. शेवटच्या खेपेला त्यांनी नुसत्या अंगठ्यानं तीन निवडली. त्यांच्याच शिस्तीनं मी ती क्लबात तपासली. दोन पन्नासच्या पन्नास वेळा चालली, तिसरं बाविसाव्या खेपेला अडकलं.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तिन्ही चालली ना?"

"एक अडकलं, काका," मी म्हटलं. "माझ्या हातून फरशीवर पडलं होतं."

त्यांनी ते मागून घेतलं. ओठांवरून अंगठा फिरवला, खालचे कोपरे चाचपले. पडल्याची खूण कुठेच नव्हती. माझ्याकडे बघून ते गालातल्या गालात हसले.

"बरं," म्हणाले. "पाटावर ठेव त्याला."