हो म्हणणारी आळी

नाशिकच्या तांबट आळीत तेव्हा हातोड्यांचा असा काही गजर चाले, की नवख्या माणसाचं डोकं तासाभरात भणभणून जाई. आळीतल्या माणसांना मात्र त्याचं काही वाटत नसे. का वाटत नसे, हे विचारायचं नाही, असा तिथला शिरस्ता होता. हंडा घडवून झाला की तांबट त्यावर टिचकी मारणार आणि नादावरून माल पारखणार. ज्याला नादच कळत नाही, त्याला कुठला व्यापारी तांब्याचा पत्रा देणार? म्हणून वीस-पंचवीस वर्षं ठोकून ज्यांचे कान गेले, ते कुणाला कळू न देता समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे. आणि ओळखू आलं नाही, की "हो" म्हणून मोकळे व्हायचे. हो म्हटलं की माणूस पुन्हा विचारत नाही.

लंकाबाईचा नवरा पुंजा त्यातलाच. चार वर्षांपूर्वी त्याला काही ऐकू येईनासं झालं. तेव्हापासून लंकाबाई भाजी निवडायच्या मिषाने कारखान्याच्या दाराशी बसायची. तो टिचकी मारायचा, ती बोट वर करायची. एक बोट म्हणजे माल ठीक. दोन बोटं म्हणजे अजून ठोका. चार वर्षं त्याचा संसार तिच्या कानांवर चालला, आणि या कानाचं त्या कानाला कळलं नाही, असं तिला वाटायचं.

चौतीस सालच्या चैत्रात ती आठवडाभर वणीला देवीच्या यात्रेला गेली. नेमकं तेव्हाच भरदुपारी पुंजाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून असलेलं, शेजारच्या व्यापाऱ्याचं पेंढ्याने भरलेलं गोदाम जळालं. आधल्याच दिवशी त्या व्यापाऱ्याशी इब्राहिम कल्हईवाल्याची भर रस्त्यात बाचाबाची झाली होती. मग काय, संशय आयताच तयार! फौजदार आला. मान खाली घालून कागद लिहिता लिहिता त्याने पुंजाला विचारलं, "भिंतीपलीकडून इब्राहिमचा आवाज ऐकलास?"

पुंजा म्हणाला, "हो."

वणीहून परतल्यावर लंकाबाईने त्याला समोर बसवून विचारलं, "खरंच ऐकलं का तुम्ही?"

"म्हनालो ना, 'हो'."

"मंग आता नाय म्हनून सांगा. बिचाऱ्याची पोरंबाळं हायेत."

"काय सांगू? मी बहिरा हाय म्हनून? माझ्या हातातला हातोडा काढून घ्यायचाय का तुला?"

खालच्या कोर्टातही तो तेच बोलून आला. इब्राहिमला वकील नव्हता, उलट विचारणारं कुणी नव्हतं. खटला सेशन्सला गेला. श्रावणात पुंजा विषमज्वराने गेला आणि त्याची साक्ष कागदावर उरली. कागदाला ना कान लागतात, ना लाज.

एके दिवशी इब्राहिमची बायको नूरबानो दाराशी आली. पायरीवरच बसली.

"लंकाभाभी, मोहल्ल्याने वकील दिलाय. तो म्हणतो, मेलेला माणूस कोर्टात येणार नाय, पण त्याचा शब्द आलाय. पुंजाभाऊ पिंजऱ्यात उभे असते तर जे विचारलं असतं, ते त्यांच्या शब्दाला पण विचारता येतं, तो खोटा पाडता येतो. पण आमचा माणूस तोंड उघडत नाय."

"काय उघडायचंय?"

"चार वर्षं तो तुमच्या माणसाच्या खांद्याला हात लावून मगच बोलायचा. का, ते त्याला माहीत आहे. पण म्हणतो, मेलेल्या कारागिराची इज्जत कशी काढू? भाभी, दहा-दहा वर्षं जेल सांगतात."

त्या दिवसापासून लंकाबाईचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. भाकरी करपायची. बसली की उठायची, उठली की कशाला उठले ते विसरायची. आळीतून हंड्यावरची टिचकी ऐकू आली, की तिचं बोट आपोआप वर जायचं. मग ती ते मुठीत आवळून धरायची. नवऱ्याचा तिला रागही येत होता आणि कीवही. खरा राग स्वतःचा होता, कारण तो जिवंत असताना ती गप्प बसली होती.

शेवटी सेशन्स कोर्टात ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि एक बोट, दोन बोटं, सगळं सांगून टाकलं. मागच्या बाकांवर आळीतली मंडळी बसली होती. त्यांच्याकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

सरकारी वकील उठला. "नवरा जिवंत असताना का नाही बोललीस?"

"तवा त्यांचा हातोडा चालू होता, साहेब."

"म्हणजे तेव्हाही खोटं आणि आताही खोटं!" मग त्याने आळीतले जाणते तांबट खंडेराव यांना पुकारलं. पुंजाला चांगलं ऐकू येत होतं, हे ते सांगणार होते.

खंडेरावांनी लंकाबाईच्या लग्नात अक्षता टाकल्या होत्या. पुंजाला खांदा दिला होता. ती पिंजऱ्यातून उतरली ती थेट इब्राहिमच्या तरुण वकिलाजवळ गेली.

"दादासाहेब, त्यांना समोरून काय विचारू नका. पाठ फिरवून विचारा." एवढं बोलून तिने पदराने तोंड झाकलं.

खंडेराव ताठ उभे राहिले. सरकारी वकिलाने समोर उभं राहून विचारलं, त्याला त्यांनी खणखणीत उत्तरं दिली. पुंजाचे कान तिखट होते. आळीत कुणी बहिरा नाही. मग तरुण वकील उठला, खिडकीपाशी गेला आणि बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत स्वच्छ आवाजात म्हणाला, "खंडेराव, गोदामाला आग तुम्हीच लावलीत ना?"

खंडेरावांनी मान डोलावली. "होय, साहेब."

कोर्टात हशा उसळला. मागच्या बाकांवरची जुनी मंडळी आधी एकमेकांकडे बघत राहिली, मग सगळे हसताहेत म्हणून तीही हसू लागली. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि बराच वेळ त्या हसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघत राहिले.

इब्राहिम चौथ्या दिवशी सुटला. पण त्याआधी, साक्षीच्याच दुपारी, लंकाबाईला कोर्टाच्या व्हरांड्यातून बाहेर पडायचं होतं आणि वाटेत खंडेराव उभे होते. काठी टेकून, खुशीत.

"लंके, तू उगीच पुंजाला बहिरं ठरवलंस बघ. पर लोकं हसली का गं? मी बरुबर बोललो ना?"

ती त्यांच्या अगदी समोर गेली, ओठ दिसतील अशी. सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि मान डोलावली.

"हो," ती म्हणाली.