जामिनावरचे दात

हिल्मियाने मार्च महिन्यापासून हसणं बंद केलं, तेव्हा तेशान गावात सगळ्यांना वाटलं, नोकरी गेल्याचं दुःख आहे बिचाऱ्याला. दुःख होतंच, नाही कोण म्हणतं? पण हसणं बंद व्हायचं कारण वेगळं होतं. हसलं की दात दिसायचे, आणि ते दात अजून बँकेचे होते.

म्हणजे तोंडात हिल्मियाच्या, पण कागदावर बँकेचे. बँकेच्या खालोखाल कोणाचे असतील तर शेजारच्या रेफिकचे, कारण रेफिक त्या कर्जाला जामीन राहिला होता. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या सहीवर दात बसवले त्याच्यासमोर, हप्ता थकलेला असताना, कुंपणावरून दात काढून हसायचं? हिल्मिया कफल्लक झाला असेल, पण निलाजरा नव्हता.

वीस वर्षं हा माणूस तोंडावर हात धरून हसला. पुढचे चार दात कधीच पडले होते, बाकीचे एकेक करून त्यांच्या मागे गेले. मोज्यांच्या कारखान्यात तो यंत्रं दुरुस्त करायचा. तिथल्या बाया त्याला मुद्दाम काहीतरी सांगून हसवायच्या, आणि हात तोंडाकडे गेला की खिदळायच्या. मग मुलीचं लग्न ठरलं. बायको चामिला म्हणाली, फोटोत तरी हात खाली राहू दे. दातांच्या डॉक्टरने आकडा सांगितला आठ हजार मार्क. बँक म्हणाली देऊ, पण पगारदार जामीन आणा.

आमच्या या बोस्नियात जामीन राहशील का म्हणून विचारलं की सख्खा भाऊसुद्धा एकाएकी बहिरा होतो. रेफिक झाला नाही. तो शाळेत शिपाई. हिवाळ्यात बॉयलर पेटवायचा, उन्हाळ्यात बाकं रंगवायची. पगार साडेआठशे मार्क, पण सरकारी, त्यामुळे बँकेचा लाडका. त्याने कागद वाचलासुद्धा नाही. "दात तुझे, सही माझी," म्हणाला, "चल, आता कॉफी पाज."

लग्नाच्या प्रत्येक फोटोत हिल्मिया नवरीपेक्षा जास्त हसतोय. ते ऑगस्टमधलं. आणि ऑक्टोबरमध्ये कारखाना बंद पडला. चणे होते तेव्हा दात नव्हते. दात आले आणि चणे गेले.

मालकाने शेवटचे दोन पगार मोज्यांत दिले. तीनशे चाळीस जोड, बहुतेक राखाडी, काहींत एक मोजा लांब आणि दुसरा आखूड. रोजगार कचेरीचा भत्ता फेब्रुवारीपर्यंत आला, तोवर हिल्मियाने एकशेतीस मार्कांचा हप्ता एकदाही चुकवला नाही. भत्ता थांबल्यावर तो शनिवारच्या बाजारात मोजे मांडून बसला. पण कारखान्यातल्या आणखी शंभर जणांनाही पगार मोज्यांतच मिळाला होता. त्या शनिवारी बाजारात जिकडे बघावं तिकडे मोजे, आणि घ्यायला यावं तर गावात अनवाणी कोणी नाही. मार्चचा हप्ता थकला, एप्रिलचाही थकला.

एक मात्र मानायला हवं, हिल्मिया लपून बसला नाही. स्वतःच्या पायांनी बँकेत गेला. कोणाकडे रिकाम्या हाताने जायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मोज्यांचे दोन जोड घेऊन गेला. काउंटरपलीकडे एल्मिना नावाची चष्मेवाली पोरगी होती. तिने मोज्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"हिल्मियाकाका, बरं झालं आलात," ती म्हणाली. "दडी मारून बसणाऱ्यांसाठी आम्हाला काही करता येत नाही. तुमच्यासाठी येईल."

तिने समजावून सांगितलं. पुढचं दीड वर्ष हप्ता अर्धा, पासष्ट मार्क. राहिलेले पैसे मागाहून, म्हणजे कर्जाची मुदत वर्षभर लांबणार. पण मुदत लांबवायची तर जामीनदाराने पुन्हा येऊन सही करायची, एकतीस मेच्या आत. नाहीतर तिसरा हप्ता थकला की बँक शाळेला पत्र धाडणार, आणि रेफिकच्या पगारातून दर महिन्याला पैसे कापले जाणार.

पासष्ट मार्क जमवणं हिल्मियाच्या हातात होतं. कोणाची लाकडं फोडायची, कोणाचा पाण्याचा पंप दुरुस्त करायचा, निघतात तेवढे. अडत होतं फक्त रेफिकला सांगण्यापाशी. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. पण ती बहीण एकदा घरात येऊन बसली की सहजासहजी उठत नाही.

त्यात आमच्या रीतीभाती. कोणाच्या दारात उभं राहून कामाचं बोलायचं नाही. आधी बूट काढायचे, आत बसायचं, कॉफी घ्यायची. पहिली कॉफी 'आलात, बरं वाटलं'ची. दुसरी गप्पांची, आणि काही काम असेल तर ते दुसरीचा तळ दिसायला लागला की काढायचं. तिसरी आली की समजायचं, घरच्यांना आता तुमची पाठ बघायची आहे. ती प्यायची आणि बूट घालायचे. तिसरी समोर आल्यावर काम काढणाऱ्याला आमच्यात आईबापाने काही शिकवलं नाही असं म्हणतात.

हिल्मिया पहिल्यांदा गेला तो मोज्यांचे चार जोड घेऊन. प्लमच्या मोहरावर पडलेल्या दवाचं बोलणं झालं, शाळेच्या बॉयलरचं झालं. दुसऱ्या कॉफीच्या तळाशी त्याने घसा खाकरला, तोच रेफिक ताडकन उठला आणि स्वयंपाकघराकडे बघून बायकोला ओरडला, "शुह्रेता, कॉफी टाक गं." आली तिसरी. हिल्मिया पिऊन घरी.

दुसऱ्यांदा आठ जोड नेले. तेच. तिसऱ्यांदा डझनभर नेले, तर दुसरी कॉफी अर्धी व्हायच्या आत तिसरी येऊन तिच्या शेजारी बसली.

आणि या सगळ्यात रेफिकची माया तर उतू चालली होती. हिल्मिया छपरावर कौल बसवायला चढला की हा पळत येऊन शिडी धरायचा. हिल्मिया दोनदा खोकला तर याने लिंबं आणि मध पाठवला. गार वाऱ्यात स्वेटर न घालता अंगणात दिसला तर रागवायचा. हिल्मियाचे डोळे भरून यायचे. अशा देवमाणसाला आपण खड्ड्यात घालतोय, या विचाराने त्याला घास गिळवेना.

"प्रेम नाही रे ते," चामिला म्हणाली. "तू मेलास तर सगळं कर्ज त्याच्या बोडक्यावर. विमा उतरवतोय तो तुझा."

मग तिने हिशेबच मांडला. तीनदा गेलास, चोवीस जोड मोजे देऊन आलास, नऊ कप कॉफी पिऊन आलास. वर रात्रभर टक्क जागा राहतोस आणि मला सांगतोस की काळजीने झोप लागत नाही. मीच जाऊन शुह्रेताला सांगते, असंही ती म्हणाली. हिल्मियाने तिला शपथ घातली. काही झालं तरी हे तोंडाने सांगायचं काम त्याचं होतं, निदान तेवढी लाज तरी शिल्लक ठेवायची होती त्याला.

तीस मेला एल्मिनाचा फोन आला. काका, उद्या दोन वाजता खिडकी बंद होते, आणि मग माझ्या हातात काही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिल्मिया रेफिकच्या दारात उभा राहिला. हातात मोजे नव्हते. रेफिकने दार उघडलं, नेहमीसारखं आत ये म्हणाला, बूट काढ म्हणाला.

"बूट काढत नाही," हिल्मिया म्हणाला. "बूट काढले की कॉफी येते, आणि कॉफी आली की माझी दातखीळ बसते. इथेच बोलतो."

पंचवीस वर्षं ज्या उंबऱ्यावरून तो ये-जा करत होता, त्या उंबऱ्याची त्याला त्या दिवशी भीती वाटली. तरी त्याने सगळं सांगितलं, न थांबता. दोन हप्ते थकलेत. आज तू सही केली नाहीस तर तुझा पगार कापतील. केलीस तर आणखी वर्षभर माझ्याबरोबर बांधला जाशील. मी फसवलेलं नाही रे तुला, नुसतं सांगायचं धैर्य झालं नाही. आता तू दार लावून घेतलंस तरी मी वाईट मानणार नाही.

रेफिकने दार लावलं नाही. तो बूट ठेवायच्या बाकावर हळूच टेकला आणि जमिनीकडे बघत राहिला.

"मला एप्रिलमध्येच कळलंय," तो म्हणाला. "बँकेचं पत्र आलं होतं जामीनदाराला."

"मग बोलला का नाहीस?"

"शुह्रेता रोज जेवताना विचारायची, हिल्मिया काही म्हणाला का. मी सांगायचो, चकार शब्द नाही. खोटं बोलायला गेलो की माझे कान लाल होतात, तुला माहीत आहे. म्हणून ते खरंच राहावं यासाठी तू तोंड उघडायच्या आत तिसरी कॉफी मागवायचो."

दोघांनीही माना खाली घातल्या. चाळीस-पन्नास वर्षांचे बाप्ये, पण पोरांनी काच फोडल्यावर उभं राहावं तसे. एवढ्यात शुह्रेता आतून हात पुसत आली.

"आणि ते पत्र पोस्टमनने काय तुझ्या हातात दिलं होतं?" ती नवऱ्याला म्हणाली. "मीच घेतलं, वाचलं आणि पुन्हा चिकटवून टेबलावर ठेवलं. तेव्हापासून तुम्हा दोन घुम्यांना कॉफी पाजतेय, आज तरी एकजण बोलेल म्हणून. अर्धा किलो कॉफी गेली माझी."

मग ती हिल्मियाकडे वळली, आणि तिचा आवाज जरा उतरला. रागवायचं होतं तिला, आणि हक्कही होता तिचा, साडेआठशेत घर चालवणाऱ्या बाईचा. ती एवढंच म्हणाली, "पासष्ट मार्क. एखादा महिना जमलं नाही तर येऊन सांगायचं. मला. याला नाही."

बँकेत जायला म्हणून रेफिकचा इस्त्रीचा पांढरा शर्ट रविवारपासून दारामागे टांगलेला होता.

बँकेत शिरले तेव्हा पाऊण वाजला होता. दारावरचा पहारेकरी पाय पसरून बसला होता आणि त्याच्या विजारीखालून राखाडी मोजे दिसत होते, एक लांब, एक आखूड. एल्मिना म्हणाली, आम्हाला भेटवस्तू घेता येत नाहीत काका, म्हणून तुमचे मोजे 'सापडलेल्या वस्तूं'मध्ये ठेवले होते, आणि ते याला सापडले. तिने कागद पुढे केले, सहा पानं.

गेल्या वेळी ज्याने एक ओळ वाचली नव्हती त्या रेफिकने खिशातून चष्मा काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. बोट ठेवून, ओठ हलवत. सव्वा वाजला. दीड वाजला. हिल्मियाने घड्याळाकडे बघावं तर एल्मिनाही तिकडेच बघत होती. चौथ्या पानावर रेफिकचं बोट थांबलं.

"इथे लिहिलंय, कर्जाचं कारण, दंतोपचार," तो म्हणाला.

"हो," हिल्मिया म्हणाला.

रेफिकने पुढची दोन पानं वाचली, पेन घेतलं, त्याचं टोपण काढलं आणि पेन कागदाच्या वर तसंच धरून ठेवलं. दोनला दहा कमी होती. हिल्मियाला वाटलं, झालं, मन बदललं याचं, आणि का बदलू नये?

"मार्चपासून तू माझ्यासमोर एकदाही हसला नाहीस," रेफिक म्हणाला. "आठ हजारांना जामीन आहे मी, हिल्मिया. माल तरी बघू दे."

आधी हिल्मियाला कळेचना. मग त्याच्या पोटातून हसू वर यायला लागलं, तीन महिन्यांचं साठलेलं, आवरता न येणारं. त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आलं. आणि वीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात आपोआप तोंडाकडे निघाला. रेफिकने डाव्या हाताने त्याचं मनगट पकडून टेबलावर दाबून धरलं, आणि उजव्या हाताने सही केली.