कुंडलकरणीचा रेडिओ

सासरी आपल्याला कुणी नावानं हाक मारली, असं अंजनाला आठवतच नव्हतं. कुंडलच्या उसातली ही पोर लग्न होऊन वडूजजवळच्या उघड्या माळावरच्या वाडीत आली आणि त्याच दिवशी ‘कुंडलकरीण’ झाली. सासू रंगूबाई म्हणायची, “कुंडलकरणे, चूल पेटीव.” शेजारणीही तेच. नवरा कृष्णात फौजेत. तो रजेवर आला की ‘अगं’ म्हणायचा, नाहीतर नुसता खाकरायचा! नवऱ्यानं बायकोचं आणि बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, अशी रीत. ज्यानं कुणी ती घातली, त्याचं माणूस कधी लांब गेलं नसणार.

चौऱ्याहत्तर सालच्या रजेवरून परत जाताना एसटी स्टँडवर कृष्णात हळूच म्हणाला, “सांजच्याला रेडिओवर फौजी लोकांच्या फर्माइशी लावत्यात. तितं माजं नाव धाडतो, संगं तुजं बी. घरात घेता येत न्हाई, दिल्लीवरनं घेतो की!”

एसटी गेली, धुरळा खाली बसला, तरी अंजना तिथंच उभी. तिला तेवढं एक ऐकायचं होतं. त्याच्या नावाला लागून आपलं नाव.

पण ऐकायचं कुठं? वाडीत रेडिओ एकच, सोसायटीच्या कट्ट्यावर. तिथं सांजच्याला सगळे बाप्ये. सुनेनं तिथं जाऊन उभं राहायचं म्हणजे झालंच! तिनं सासूपुढं विषय काढला. माहेराहून आणलेल्या शेळीची दोन करडं होती, ती विकायची म्हणाली.

“इक,” रंगूबाई म्हणाली, “पर माज्या लेकाचं नाव माज्या कानावर पडलं पायजे. न्हाईतर करडं बी गेली आनि लेक बी लांबच.”

वडूजच्या बाजारात इमामभाई स्टोव्ह दुरुस्त करायचे आणि सुटे भाग जोडून रेडिओही बनवायचे. करडांचे नव्वद रुपये अंजनानं त्यांच्यापुढं ठेवले. इमामभाईंनी गोणपाटावर एकेक भाग मांडला.

“वहिनी, पैसं हायत तेवढ्यात बसवायचं तर कुटं तरी हात आखडायला लागंल. बोला, कुटं आखडू?”

“ह्ये पॉलिशचं खोकं कशाला?” अंजना म्हणाली. “मला काय त्येची पूजा मांडायचीय?”

“मग साध्या फळ्यांचं करतो. आनि कॉइल एका बँडची घालू? स्वस्त पडंल.”

“दिल्ली लागंल का त्येच्यावर?”

“न्हाई. सांगली लागंल झकास.”

“सांगलीत माजं कोन हाय, भाई? दिल्लीची घाला.”

असं करत करत बसलं सगळं नव्वदात. अंजनाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात इमामभाईंनी कपाळाला हात लावला. “आवं, लायसन! पोस्टात पैसं भरल्याबिगर रेडिओ घरात ठेवता येत न्हाई. आनि सेल कशातनं घ्याचं?”

आता कॉइल काढली तर दिल्ली जाते, सेल नाहीत तर सगळंच जातं. अंजनानं गोणपाटावरचा एकेक भाग हाताळून बघितला. मग तिनं स्पीकर उचलून बाजूला सरकवला.

“ह्याच्याबिगर आवाज कुटनं यायचा, वहिनी?”

“एका कानापुरता आला तरी चालंल.”

शेवटी इमामभाईंनी कानात घालायचं एक बोंडूक जोडून दिलं. आवाज यायचा तो त्या एवढ्याशा बोंडकातनं, आणि एकावेळी एकालाच.

रंगूबाईनं डोकंच धरलं. “रेडिओ हाय का कानाचं दुखनं? आनि मी काय तुज्या तोंडाकडं बघत बसू व्हय?”

“आवं आत्याबाई, तुमाला हिंदी कळत न्हाई. मी ऐकते. त्येंचं नाव आलं रं आलं की बोंडूक तुमच्या कानात. आईची आण.”

झालं, रोज दिवेलागणीला दोघी उंबऱ्यात. अंजनाच्या कानात बोंडूक, रंगूबाई खेटून बसलेली. “आलं का गं?” “न्हाई.” “आता?” “न्हाई वं!” कुठकुठल्या पोरांची नावं यायची, पंजाबची, गढवालची. ज्वारी पोटऱ्यात आली, सेल दमले, ते उन्हात तापवून परत घातले. रंगूबाई एकदा फणकारली, “इसरला आसंल मेला.” पण दुसऱ्या दिवशी तीच आधी येऊन बसली. आणि अंजना? भाकरी थापताना, पाणी शेंदताना ती स्वतःचंच नाव मनात म्हणून बघायची. कसं लागेल कानाला? ऐकायची इतकी आस लागली होती की घास गोड लागत नव्हता.

एका सांजेला रेडिओवरची बाई नावं वाचू लागली. खरखर वाढली. आणि त्या खरखरीतून अगदी स्वच्छ आलं, “लान्स नायक कृष्णात फडतरे...”

अंजनानं बोंडूक कानात दाबलं. पुढचं नाव आपलं! रंगूबाईनं तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. “आला व्हय?” म्हणत तिनं हात पुढं केला.

एका नावापुरतं थांबावं, असं अंजनाला फार वाटलं. पण घेतलेली आण. तिनं बोंडूक उपसलं आणि सासूच्या कानात घातलं.

रंगूबाई डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिनं डोळे उघडले.

“अंजना,” ती म्हणाली. “अंजना, म्हनली गं ती बाई. फुडं गानं लागलं.”

त्या घरात ते नाव पहिल्यांदाच कुणीतरी घेतलं होतं. अंजनाला रडू आवरेना.

“आनि माज्या लेकाचं गं?” रंगूबाईचा चेहरा उतरला. “त्येचं न्हाई घेतलं?”

“घेतलं की. तुमच्या कानात घालायच्या आदीच.”

“काय म्हनली? सांग.”

अंजनानं पदर तोंडाशी नेला. जीभ रेटेना. म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत होती.

“कृष्णात,” अंजना म्हणाली. “कृष्णात फडतरे.”

बोंडूक रंगूबाईच्या कानातून गळून मांडीवर पडलं. त्यात गाणं चालूच होतं, पण दोघींतल्या एकीनंही ते उचललं नाही.

“परत घे गं, अंजना,” रंगूबाई म्हणाली. “परत घे त्येचं नाव.”