रेणूचं न उघडलेलं फोल्डर

"ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया," नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आमचे चेहरे पाहून सोपं करून सांगितलं, "रक्ताचा कॅन्सर. वेगानं वाढणारा."

माझी भाची रेणू, तेवीस वर्षांची, मान खाली घालून मोबाइलवर त्याचं स्पेलिंग शोधत होती. मी बाहेर येऊन आमच्या गावी, पांढुर्ण्यात, चौघांना फोन केले. माझा स्वभावच तसा. मला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत शेजारच्या सौंसर गावाला पोचते.

दोन महिने तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. आम्ही उष्णता म्हणत बसलो. तुम्ही बसू नका.

मग केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारं औषध, सलाइनमधून. तिसऱ्या फेरीनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध लागू पडत नाहीये."

त्या दुपारी रेणूनं माझ्या हातात वही दिली. ई-मेल, फोटो, संत्र्याच्या रोगांवरचं तिचं यूट्यूब चॅनल. प्रत्येकापुढे पासवर्ड आणि नंतर काय करायचं ते. बँकेत नॉमिनी म्हणून आईचं नाव टाकून झालेलं. फोटो आईला. चॅनल चालू ठेवायचं, शेतकरी बघतात. शेवटची ओळ: लॅपटॉपमधलं 'माझं' नावाचं फोल्डर न उघडता डिलीट.

"मामाजी, हे तुम्हीच करा."

"माह्या पोटात काही राहत नाही, बाई. साऱ्या पांढुर्ण्याले ठाऊक आहे."

"म्हणूनच तर 'न उघडता' म्हणून राहिली मी."

आम्ही दोघंही हसलो. मग बराच वेळ मी सलाइनचे थेंब मोजत बसलो.

रेणू गेली. तेरवी झाल्यावर तिची आई, माझी धाकटी बहीण शोभा, लॅपटॉपसमोर माझ्याशेजारी बसली.

"भाऊ, उघड ना. माह्या पोरीचं काहीतरी असंन त्यात."

मला तर तिच्याहून जास्त पाहायचं होतं. तरी न उघडताच मी डिलीट केलं, रिसायकल बिनही रिकामी केली. शोभा तीन महिने माझ्याशी बोलली नाही.

तरुण पोरांनो, धडधाकट असाल तरी अशी वही लिहा, आणि ती कोणाच्या हाती द्यायची तेही ठरवा. रेणूनं लिहून ठेवलं, म्हणून मला ठरवावं लागलं नाही. फक्त पाळावं लागलं. तेही जड गेलं.

संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत शोभा आपणहून आली. आम्ही चॅनल लावलं. रेणू हातात पिवळं पान धरून बोलत होती. व्हिडिओ संपला.

"भाऊ, ते फोल्डर त्याआधीही खरंच नाही पायलं?"

"नाही."

"तू?"

"मी."

शोभा हसली, मग पदर डोळ्यांना लावला. "मंग पोरीनं तुले आमच्याहून जास्त ओळखलं," म्हणाली, आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.