हिरव्या जिभा

रसायनांच्या कारखान्यात त्याला सगळे नळीमास्तर म्हणत. रिअ‍ॅक्टरमध्ये बारा हजार उभ्या नळ्या होत्या. त्यांत व्हॅनेडियम धातूचा लेप दिलेल्या छोट्या कड्या भरायचं काम वीस वर्षं त्याच्याकडे होतं. त्या कड्यांवरून गरम हवा आणि झायलिन या रसायनाची वाफ गेली की रंगाला लागणारा माल तयार होई. नळी सैल भरली तर मालाऐवजी नुसता धूर. मास्तरच्या हातून तसं कधी घडलं नव्हतं.

त्या वर्षी जुन्या कड्या उपसायला माणसं कमी पडली. दोन वर्षं घरी बसलेल्या मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला, मास्तरने कामाला चिकटवलं. मेहुण्याला लहानपणापासून दमा. तपासणीच्या कागदावर ‘दमा नाही’ अशी खूण मास्तरनेच त्याला करायला लावली.

दुसऱ्याच दिवशी मास्कचे फिल्टर संपले. सुपरवायझर म्हणाला, “परवा येतील. तोवर काम थांबलं तर माझी खरडपट्टी निघेल.”

मास्तर मेहुण्याकडे वळला. “बांध फडकं. मी कितीदा तरी असंच केलंय.”

जुन्या कड्यांची ती पिवळी धूळ फडक्याला थोडीच जुमानते! संध्याकाळी व्हॅनेडियमने दोघांच्याही जिभा हिरव्या. मेहुण्याने आरशात जीभ काढून पाहिली. “दाजी, पोपट झालो की मी!” हसता हसता त्याला खोकला लागला, तो थांबेचना.

चौथ्या दिवशीही फिल्टर आले नव्हते; शिडीवरच त्याचा श्वास कोंडला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

चौकशी बसली. मास्तरने काहीच हातचं राखलं नाही. फिल्टर नव्हते, फडकं मीच बांधायला लावलं, दमा मला ठाऊक होता. साहेबांनी शेवटचं तेवढं उचललं. अहवालात कारण आलं: कामगाराने लपवलेला जुना आजार. फिल्टरबद्दल चकार शब्द नाही.

बायकोने अहवाल वाचला. “दम्याचं कशाला बोललात?”

“खरं होतं ते.”

“त्याला कामावर नेताना कुठे गेलं होतं तुमचं खरं?”

आईला सांभाळायला म्हणून ती माहेरी गेली, ती परतली नाही.

नव्या कड्या भरायला मास्तरने नकार दिला आणि नोकरी सोडली. दर महिन्याला तो कामगार कार्यालयात जातो, फिल्टरची तक्रार पुढे सरकली का विचारतो. बाकावर त्याला खोकल्याची उबळ येते, तेव्हा शेजारचा माणूस जरा सरकून बसतो.